बेल वाजायच्या आधी

कुंदाताई आगाशे यांच्या दाराची बेल मी कधी वाजवली नाही. वाजवायची वेळच आली नाही. कर्वेनगरमधल्या त्यांच्या जुन्या सोसायटीला लिफ्ट नव्हती. जिना चढून मी दुसऱ्या मजल्यावर पोचायचे, बोट बेलकडे न्यायचे, आणि दार आतून उघडायचं. पहिल्या वेळी मी इतकी दचकले की हातातली कागदांची पिशवी खाली पडली.

"घाबरायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "पावलं ऐकली. अनोळखी होती म्हणून उठले."

"सॉरी."

"कशाबद्दल सॉरी? चालण्याबद्दल?"

मी ऑडिओबुक करणाऱ्या एका छोट्या कंपनीत साउंड एडिटर आहे. एरंडवण्यात एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस आणि एक रेकॉर्डिंग बूथ आहे. हे काम मी निवडलं, कारण त्यात दिवसभर हेडफोन लावून बसता येतं, आणि हेडफोन लावलेल्या माणसाशी सहसा कोणी बोलायला येत नाही. मला लोकांचे आवाज आवडतात. लोकांशी बोलणं तितकंसं नाही. जिन्यात कोणी समोरून आलं तर मी भिंतीला चिकटून उभी राहते आणि त्यांच्या पायांकडे बघते. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी वाचते ते सावकाश, आणि कोणी ‘एकोणसत्तर’ म्हटलं की क्षणभर अडखळते. तरी मराठी पुस्तकांचं एडिटिंग माझ्याकडे असतं. माझा बॉस निखिल म्हणतो, "तेच बरंय, तू गोष्टीत अडकत नाहीस."

कुंदाताई ऐन उमेदीची वर्षं रेडिओवर नाटकं करत होत्या. आता साठी ओलांडून बरीच वर्षं झाली होती, एकट्या राहत होत्या, आणि निखिलच्या आईला त्यांचा आवाज आठवत होता, म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्या दिवशी मी स्क्रिप्ट द्यायला गेले होते. बाकीचे कलाकार टॅबलेटवरून वाचतात. कुंदाताईंना कागद हवा होता, मोठ्या टाइपात, एकाच बाजूला छापलेला. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि परत माझ्यापुढे धरला.

"ही पिन काढ."

"पानं सुटी होतील."

"सुटीच हवीत. वाचून झालेलं पान उलटायचं नसतं, आवाज होतो. ते नुसतं सोडून द्यायचं. सतरंजीवर पडतं, कोणाला कळत नाही."

मी पिना काढत बसले. बाहेर जिन्यात पावलं वाजली. कुंदाताई बोलता बोलता थांबल्या. पावलं त्यांच्या मजल्यावरून वर गेली, मग त्यांनी वाक्य पुढे सुरू केलं.

"देवधर," त्यांनी सांगितलं. "तळमजल्यावरचे. गच्चीवर टाकी बघायला चालले. उजवा गुडघा गेलाय, पण सोसायटीचं पाणी दुसरं कोणी मोजलेलं त्यांना चालत नाही."

तासाभरात हे चार-पाच वेळा झालं. प्रत्येक पावलाला त्या थांबायच्या, आणि पाऊल कोणाचं ते कळलं की चेहरा सैल व्हायचा. मी सहसा कोणाला काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं.

"कोणी येणार आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "सवय आहे."

आमची मालिका एका इंग्रजी कादंबरीवरून केलेली होती. स्कॉटलंड आणि इंग्लंडची सरहद्द, मधे एक नदी, सहा-सातशे वर्षांपूर्वीची लढाई. नदीच्या अलीकडे एका स्कॉटिश किल्लेदाराची मुलगी, एल्स्पेथ. पलीकडच्या तळावर एक इंग्लिश सरदार. तिचा एक भाऊ त्या तळावरच्याच माणसांनी मारलेला. तिनं नदी ओलांडली तर ती घरच्यांना मेली, त्यानं ओलांडली तर तो राजद्रोही. कादंबरीत त्या सरदाराचं नाव ह्यू होतं.

"ह्यू," कुंदाताई स्क्रिप्टकडे बघत म्हणाल्या. "हे नाव आहे, की मांजर हाकलतायत?"

"मॅम, ओरिजिनलमध्ये तेच आहे," निखिल म्हणाला.

"असेल. पण त्या पोरीला धुक्यात उभं राहून ही हाक मारायची आहे, आणि ती नदी ओलांडून गेली पाहिजे. जरा पोचेल असं नाव दे. आणि मॅम काय म्हणतोस रे? मी तुला कधी छड्या मारल्यात का?"

ह्यूचा एडमंड झाला. एल्स्पेथ मात्र तशीच राहिली, कारण ते नाव त्यांना आवडलं. "तू इंग्लिश मीडियम ना? म्हणून दाखव," असं त्या मला सांगायच्या आणि मी म्हटलं की ओठांची हालचाल बघत राहायच्या. बदल्यात त्यांनी माझा ‘ळ’ दुरुस्त केला. माझा ‘ळ’ दुरुस्तीला आलेला आहे हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

रेकॉर्डिंगला त्या नेहमी मऊ, खूप धुतलेली सुती साडी नेसून यायच्या. नव्या कापडाचा आवाज येतो. बूथमध्ये शिरण्याआधी बांगड्या काढून माझ्या हातात द्यायच्या. चारच बांगड्या, हातात यायच्या तेव्हा कोमट असायच्या. उभ्यानं वाचायच्या. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माइक बदलून घेतला, म्हणजे माइक तोच, त्याच्यावरचं बटण फिरवून घेतलं. आमचा माइक एरवी फक्त समोरून ऐकतो. बटण फिरवलं की पुढून आणि मागून, दोन्हीकडून ऐकतो. दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलणार असली तरच तसं करतात.

मी माझ्या बाजूच्या माइकवरून त्यांना सांगितलं, "कुंदाताई, मागे कोणी नाहीये."

काचेपलीकडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला दिसतंय. तू फिरव."

त्या वाचायला लागल्या की आम्ही सगळे काम थांबवायचो. निवेदन त्या सपाट, जवळजवळ कोरडं वाचायच्या. एल्स्पेथचं वाक्य आलं की आवाज बदलायचा नाही, फक्त जवळ यायचा. एडमंडच्या वाक्यांना त्या एक पाऊल मागे सरायच्या आणि मान किंचित तिरकी करायच्या, जणू ती वाक्यं त्या बोलत नव्हत्या, कोणाकडून तरी ऐकून आम्हाला सांगत होत्या. त्यांच्या हातातून पानं एकामागून एक सुटून खाली पडायची. संध्याकाळी ती गोळा करायचं काम माझं. बूथ अगदी लहान आहे, आणि रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो, त्यामुळे आत वारा नसतो. तरी काही पानं माइकच्या पलीकडच्या बाजूला सापडायची. ती एडमंडची पानं असायची असं मी म्हणणार नाही. काही असायची, काही नसायची. मी ती गोळा करायचे आणि क्रमानं लावायचे, बस.

आता शांततेबद्दल सांगायला हवं. रोज वाचायला सुरुवात करण्यापूर्वी आम्ही मिनिटभर बूथची शांतता रेकॉर्ड करतो. कलाकारानं आपल्या जागी उभं राहायचं, पण बोलायचं नाही, हलायचं नाही. रिकाम्या खोलीची शांतता आणि आत माणूस असलेल्या खोलीची शांतता वेगळी असते. एडिट करताना खोकला किंवा चुकलेला शब्द काढला की तिथे भोक पडतं, ते या शांततेनं बुजवायचं. बाकीचे कलाकार त्या मिनिटात कंटाळतात. कुंदाताईंना तेच मिनिट सगळ्यात जास्त आवडायचं. "चल, शांतता घे," असं म्हणून त्या डोळे मिटायच्या.

त्यांच्या शांततेत दोन श्वास होते.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मालिका निम्मी झाली होती. एक श्वास त्यांचा, जवळचा, हलका. दुसरा माइकच्या मागच्या अंगाला, जरा लांबून, सावकाश. मला वाटलं भिंतीवरून परत येणारा त्यांचाच आवाज असेल. पण परत आलेला आवाज मूळ आवाजासारखाच असतो. हा तसा नव्हता. त्या श्वास सोडायच्या तेव्हा तो घेतला जायचा. मी माइक तपासला, वायर बदलली, रिकाम्या बूथची शांतता घेऊन पाहिली. तिच्यात काही नव्हतं. निखिलला मी सांगितलं नाही. तो हसला असता, किंवा सगळ्यांना बोलावून ऐकवलं असतं. यातलं काय जास्त वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

मग एके दिवशी वरच्या मजल्यावर फरशी बसवण्याचं काम निघालं आणि अख्ख्या रेकॉर्डिंगवर मशीनची घरघर बसली. असं झालं की आम्ही सॉफ्टवेअरला त्या दिवसाच्या शांततेचा नमुना देतो. नमुन्यात जे असेल ते सॉफ्टवेअर सगळीकडून पुसून काढतं. मी तसं केलं. घरघर गेली. निखिल म्हणाला, "एकदम क्लीन." मला मात्र तो आवाज आवडेना. शब्द स्वच्छ होते, उच्चार जागच्या जागी होते, पण एल्स्पेथ कोणाशीच बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंनी तो भाग ऐकायला मागितला. हेडफोन लावला. दोन मिनिटांनी काढला.

"इथे मी एकटी का आहे?"

त्यांनी आल्या आल्या दिलेल्या बांगड्या मी एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"रेवती, काय काढलंस?"

मी सांगितलं. फरशीचं मशीन, शांततेचा नमुना, सगळं.

"त्या शांततेत दोन श्वास ऐकलेस ना?"

"हो."

"मग त्यातला एक पुसायचा, असं तुला कोणी सांगितलं होतं?" भाजीचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात त्यांनी हे विचारलं. मग माझ्या हातातल्या बांगड्या घेतल्या आणि म्हणाल्या, "चल, चहा पाज मला. आज मशीन चालू आहे, वाचणं होणार नाही."

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यच्या बाकावर बसून त्यांनी मला वाघमाऱ्यांबद्दल सांगितलं. अशोक वाघमारे. त्या मात्र त्यांना शेवटपर्यंत नुसतं वाघमारे म्हणत होत्या.

"खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. ड्यूटी संपली की सायकलवरून रेडिओला यायचे. तेव्हा दोघांना मिळून एक माइक. मी अलीकडे, वाघमारे पलीकडे. लाल दिवा लागला की फक्त लिहिलेलं बोलायचं. दिवा विझला की मी आगाश्यांची कुंदा, आणि ते वाघमारे. त्यांच्या घरी बुद्धवंदना, आमच्या घरी सोवळं. एका कपातला चहा प्यायलो असतो तरी घरी बातमी आधी पोचली असती."

"मग?"

"मग काय, जे बोलायचं होतं ते दिवा चालू असताना बोलून घेतलं. दुसऱ्यांच्या वाक्यांत." त्या हसल्या. "प्रोड्यूसर म्हणायचे, कुंदाबाई, काय जीव ओतताय. त्यांना वाटलं नाटक चांगलं आहे. नाटक सामान्यच होतं."

पुढे रजिस्टर लग्न करायचं ठरलं. एका सकाळी वाघमाऱ्यांनी घरी येऊन त्यांना घेऊन जायचं. पळून जायचं नाही, जिना चढून, दारावर येऊन, सगळ्यांसमोर न्यायचं, ही वाघमाऱ्यांची अट होती. त्या आता राहतात त्याच घरी, दुसऱ्या मजल्यावर. कुंदाताई बॅग घेऊन दाराशी बसल्या. वडील बोलत नव्हते, आई स्वयंपाकघरात होती, मोठा भाऊ दूध आणायला म्हणून खाली गेला होता.

"दाराला कान लावून बसले होते. दुपार झाली. कोणी आलं नाही."

चहा संपला होता. रिकामा ग्लास त्या दोन्ही हातांत फिरवत होत्या.

"पुष्कळ वर्षं मी वाघमाऱ्यांवर चिडून होते. चांगला राग होता, त्यावर दिवस निघाले. मग एकदा सोसायटीच्या मीटिंगला पार्किंगवरून भांडण निघालं. आमचा देवधर म्हणाला, ‘कुंदाताई, तुमचे बंधू असते तर हा प्रश्न मिटवला असता. शिस्तीचा माणूस. तो तुमचा रेडिओवाला आला होता, त्याला पहिल्या मजल्यावरून परत पाठवला. आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाले, ती तयार नाही, तिनंच निरोप दिलाय.’ लोकांना वाटलं मला माहीत असेल. मी मान हलवली. मीटिंग पुढे गेली. पार्किंगचा ठराव पास झाला."

"तुमचे भाऊ?"

"तोवर गेले होते. भांडायला माणूस नको का? वाघमारे विदर्भातल्या कुठल्या कारखान्यात बदली मागून गेलेले. लग्न केलं, मुलंबाळं झाली. रेडिओवर पुन्हा कधी बोलले नाहीत. गेले तेसुद्धा. मला कळलं तेव्हा वर्ष झालं होतं." त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. "पहिल्या मजल्यापर्यंत आले होते, बघ. एक मजला राहिला."

त्यानंतर मी कुंदाताईंच्या रेकॉर्डिंगमधून काहीही पुसलं नाही. फरशीवाल्या भागाचं मूळ रेकॉर्डिंग परत लावलं आणि निखिलला सांगितलं, घरघर राहू दे, तलवारींना धार लावतायत असं वाटतं. त्याला ते पटलं.

शेवटचे भाग आले तेव्हा त्यांचा आवाज फाटायला लागला होता. बाहेर कोणाला ते कळत नव्हतं. मला स्क्रीनवर दिसत होतं. लांब स्वरांच्या कडा खरखरीत झाल्या होत्या, काही शब्दांच्या शेवटी नुसती हवा होती. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं.

"स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ आहे."

मी हेडफोन काढून त्यांच्याकडे वळले.

"तोंड असं करू नकोस. जीव वाचेल म्हणतायत. मंजिरी, माझी भाची, यायची आहे राहायला. पाटीवर लिहून बोला म्हणाली मला. म्हटलं, या वयात पुन्हा बिगरीत बसणार नाही." त्यांनी काचेतून बूथकडे बघितलं. "आवाजावाचून माझं अडणार नाही गं. भाजी बोट दाखवूनही घेता येते. पण वाघमाऱ्यांना माझा आवाज माहीत आहे. बाकी मी त्यांना कितीशी माहीत होते? तो गेल्यावर त्यांनी यायचं कुठे?"

शेवटच्या भागात एल्स्पेथला गढीच्या वरच्या खोलीत कोंडलेलं असतं. एडमंड जखमी आहे. तो नदी ओलांडून, पहारा चुकवून, दगडी जिना चढून तिच्या दारापर्यंत येतो. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली भावांकडे. दोघं बंद दारातून बोलतात. बोलता बोलता त्याचा आवाज थांबतो. एल्स्पेथ दाराला कान लावून बसून राहते. कादंबरी तिथे संपते.

"हा निदान वर तरी पोचला," स्क्रिप्ट वाचून कुंदाताई म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी त्यांनी बांगड्या दिल्या, शांतता घेतली आणि वाचायला लागल्या. एल्स्पेथचं पहिलं वाक्य झालं. मग एडमंडचं वाक्य होतं. त्या वाचेनात. मला वाटलं ओळ चुकली. मी सांगायला बटण दाबणार, इतक्यात त्यांनी एल्स्पेथचं दुसरं वाक्य म्हटलं, उत्तर द्यावं तसं. असंच पुढे. त्याच्या प्रत्येक वाक्याला त्या गप्प राहिल्या. काही वेळा त्या गप्पपणाच्या मधेच मान हलवली. एकदा मधे बोलायला गेल्या आणि थांबल्या, जसं समोरच्याचं अजून संपलेलं नाही हे कळल्यावर आपण थांबतो. शेवटी खूप वेळ काहीच नाही. त्या डोळे मिटून उभ्या होत्या. मग शेवटचं पान हातातून सोडलं आणि बाहेर आल्या.

निखिल हताश झाला होता. "कुंदाताई, त्याचे डायलॉग राहिले सगळे. प्लीज, एकदा वाचून द्या ना."

"दारापलीकडचं मी कसं वाचू?" त्या म्हणाल्या. "मी अलीकडे आहे."

दोन दिवसांनी त्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या.

निखिलनं एडमंडच्या वाक्यांसाठी सौरभला बोलावलं. सौरभ नाटकात कामं करतो, बोलका मुलगा आहे. कुंदाताईंनी सोडलेल्या जागांमध्ये त्याची वाक्यं बसवायची होती. हे किचकट काम असतं. वाक्य लांबलं की जागा वाढवावी लागते, तोकडं पडलं की कापावी लागते. मी दिवसभराची तयारी ठेवली होती. एक तास लागला. एकही जागा वाढवावी किंवा कापावी लागली नाही. प्रत्येक वाक्य आपापल्या जागी नेमकं बसलं. कुंदाताई मधे बोलायला जाऊन थांबल्या होत्या, तिथेही स्क्रिप्टमध्ये एडमंड वाक्याच्या अर्ध्यावर श्वास घ्यायला थांबतो.

सौरभनं हेडफोन काढला. "भारी सिस्टिम आहे यार तुमची. प्रत्येक वाक्याआधी क्यू कोणी टाकलाय?"

"कसला क्यू?"

"तो श्वास. कोणीतरी बोलायला श्वास घेतं ना, तसा. मी फक्त त्याच्यामागून गेलो."

फक्त शेवटची जागा उरली. एडमंडचं शेवटचं वाक्य आहे, ‘मी इथेच आहे.’ ते म्हणून झालं तरी पुढे बरीच शांतता शिल्लक होती. निखिल म्हणाला, उडव ती. प्रसारित झालेल्या भागात मी ती उडवली आहे. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. सगळे गेल्यावर मी आवाज पूर्ण वाढवून ती शेवटची शांतता ऐकली. आधी श्वास आहे. मग श्वास थांबतो आणि दुसरं काहीतरी सुरू होतं, सावकाश, एका लयीत, दगडावर चामडं टेकल्यासारखं. आमच्या बूथमध्ये सतरंजी आहे. जिना नाही.

काही आठवड्यांनी, एका दुपारी मी कुंदाताईंकडे गेले. जिना चढले, बोट बेलकडे नेलं, दार उघडलं. त्या निम्म्या झाल्या होत्या. गळ्याशी पांढरं कापड होतं. मंजिरी औषधं आणायला गेल्याचं त्यांनी हातानं सांगितलं. मला बसवलं, माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि भुवया उडवल्या, म्हणजे हा काय अवतार.

मी लॅपटॉप नेला होता. आधी पूर्ण झालेला भाग लावला. सौरभच्या पहिल्या वाक्याला त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला. मुलगा चांगला आहे, पण नको, असा चेहरा केला. मी मूळ रेकॉर्डिंग लावलं.

त्या ऐकत होत्या तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. रिकाम्या जागा आल्या की ओठ थांबायचे, मान तिरकी व्हायची. एकदा त्या हसल्या. मी स्क्रीनकडे बघत होते, म्हणून शेवटची शांतता कधी सुरू झाली ते मला कळलं. स्क्रीनवरची रेघ जवळजवळ सरळ असते तिथे, फक्त मधे मधे बारीक उंचवटे असतात. कुंदाताईंचं बोट खुर्चीच्या हातावर टेकायला लागलं. प्रत्येक उंचवट्याला एकदा. त्या स्क्रीनकडे बघत नव्हत्या.

रेकॉर्डिंग संपलं. बोट थांबलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोट खाली जमिनीकडे दाखवलं, मग एक बोट वर केलं. मला समजलं नाही असं म्हणता येणार नाही. पहिला मजला.

मग त्या उठल्या. पदर सारखा केला. हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि टेबलावर आवाज न करता ठेवल्या. डोळ्यांनी दाराकडे खूण केली. शांतता घेताना मी बूथचं दार लोटून बाहेर येते, तसं मला बाहेर जायचं होतं. मी लॅपटॉप पिशवीत घातला, चपला हातात घेतल्या आणि बाहेर पडले. माझ्यामागे त्यांनी दार लावलं. कडीचा आवाज आला.

भर दुपार होती. सोसायटीत कोणी नव्हतं, खाली कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी अनवाणी उतरत होते. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर मी भिंतीला चिकटून उभी राहिले, वर येणाऱ्याला जागा द्यायला. सवयीनं खाली पायांकडे बघितलं. समोर नुसती पायरी होती.

तरी मी थांबले. एखाद्या माणसाला शेजारून जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग वर दार उघडल्याचा आवाज आला. बेल वाजली नव्हती.